सांता रुफिनाच्या सात विहिरी

खिळ्याला चावी लटकत असली की ऑर्फेलिना ताबिलोच्या घशाखाली घास उतरत नसे.

सांता रुफिना बघायला येणाऱ्या प्रत्येक गाडीची चावी ती मागून घ्यायची आणि काटाघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायची. माणसं परत येऊन चावी मागेपर्यंत मग तिचं कशात म्हणून लक्ष नसे. चहा उकळून आटून जायचा, विणकामाचे टाके चुकायचे. दर पाच मिनिटांनी ती दारात येऊन, कपाळावर हात धरून टेकाडाकडं बघायची. काटाघर म्हणजे खाण चालू होती तेव्हा खनिजाचे ट्रक तोलायची दोन खोल्यांची इमारत. गावात शिरायचा रस्ता तिच्या दारावरूनच जायचा. आता गाव कसलं, नुसता सांगाडा. तांब्याची खाण बंद पडून एकतीस वर्षं झाली होती. छपरं उडालेली घरं, अर्धं चर्च, बेकरीचं धुराडं, फुटबॉलच्या मैदानावर उरलेला एकच गोलपोस्ट, आणि मागं ओहळांनी चिरलेल्या, गवताची काडी नसलेल्या टेकड्या. तिथं ती एकटी राहायची. वय चौसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, नवरा इलारियो छातीत खाणीची धूळ घेऊन नऊ वर्षांपूर्वी गेलेला.

"चावी कशाला हवी तुम्हाला?" लोक विचारत.

"न सांगता मागच्या रस्त्यानं निघून जाता तुम्ही. मग मी संध्याकाळपर्यंत टेकड्या हिंडत बसते."

काही हसून चावी देत, काही कुरकुर करत. दोन किलोमीटरवर जुन्या बोगद्यात बेलार्मिनो नावाचा एक पिर्किनेरो काम करायचा. कुणाचा नोकर नाही, स्वतःच्या हातानं खणायचं, स्वतःच विकायचं, असा माणूस. पंचावन्नचा असेल. तो दक्षिणेकडून आलेला, सांता रुफिना जिवंत असताना त्यानं पाहिलेली नव्हती. पाणी भरायला आला की तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत डिवचल्याशिवाय जायचा नाही.

"काय दोन्या ऑर्फे, किती खोल्या भरल्या आज तुमच्या हॉटेलात?"

"दोन. तुझं नाव नाही त्यात. पाणी भर आणि चालायला लाग."

"एवढा जीव का टाकता हो लोकांसाठी? चार भिंती बघतात, फोटो काढतात, जातात. कुणी तुमची खाण चोरून नेत नाही."

"नेण्यासारखं काही ठेवलंय का लोकांनी?" ती म्हणायची, आणि लगेच त्याच्या खोकल्याची चौकशी करायला लागायची.

त्या वर्षी हिवाळ्यात तीनदा पाऊस झाला. इतका पाऊस त्या भागात दहा-बारा वर्षांत कधीतरी होतो. सप्टेंबर उजाडला आणि वाळवंट फुललं. टेकड्यांच्या पायथ्याला जांभळे पट्टे, मैदानावर पांढरं, मध्येच आन्यान्युकाच्या लाल फुलांचे झुबके. रेडिओवर तेच, पेपरात तेच. सालादितो हे जवळचं वस्तीचं गाव, तिथल्या बायका रस्त्यावर टेबलं मांडून एम्पानादा, म्हणजे बकरीचं चीज भरलेल्या करंज्या, विकायला लागल्या. एरवी आठवड्याला दोन गाड्या यायच्या, आता रोज दहा-बारा. ऑर्फेलिनाची मुलगी यास्ना सालादितोतल्या घरी नवऱ्यामुलांसह राहायची. तिनं फोन केला, "आई, लोक सांगतात तुझ्याकडं स्वर्ग उतरलाय म्हणे!"

"उतरलाय," ऑर्फेलिना म्हणाली. तिनं त्या महिन्यात धड झोप घेतली नव्हती. तिला एकच दिसत होतं. लोक मान खाली घालून चालत होते, पण जमिनीकडं बघत नव्हते. फुलांकडं बघत होते.

त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक छोटी निळी गाडी आली. तीतून दोन वयस्क बहिणी उतरल्या. थोरली नेल्दा, सत्तरीची, ताठ, पायात पुरुषी बूट. धाकटी मिरेया, गोल चेहऱ्याची, बोलघेवडी. त्यांचे वडील सांता रुफिनाच्या बेकरीत भट्टीवर होते. दोघींचा जन्म इथलाच, पण नेल्दा सहा वर्षांची असताना कुटुंब राजधानीला गेलं ते पुन्हा आलं नाही.

"चावी?" नेल्दा म्हणाली. "म्हणजे? आम्ही काय गुन्हेगार आहोत?"

"दे गं नेल्दा, बाई मागतायत तर," मिरेया म्हणाली. "नाहीतरी तू कुठंतरी पाडणारच."

"मी आयुष्यात चावी पाडलेली नाही. छत्र्या तू हरवतेस."

"बरं, छत्री मागितली तर मी देईन."

ऑर्फेलिनाला हसू आलं. चावी खिळ्याला अडकवत तिनं विचारलं, "किती वाजेपर्यंत याल?"

"एकपर्यंत. भट्टी बघायची, घर बघायचं, चर्चच्या पायरीवर बसून खायचं, परत."

"चर्चच्या पलीकडं जाऊ नका. तिकडं जमीन चांगली नाही."

"चांगली नाही म्हणजे?" नेल्दानं विचारलं.

"भुसभुशीत आहे," ऑर्फेलिना म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. दर वेळी ती इथपर्यंत यायची आणि इथंच थांबायची.

*

एक वाजला. दीड वाजला. रोज दुपारी सुटतो तसा समुद्राकडचा वारा सुटला आणि काटाघराचे पत्रे वाजायला लागले. ऑर्फेलिनानं ताटात वाढलेलं चारकिकान तसंच झाकून ठेवलं. बटाटे-भोपळा गार झाला होता.

सत्तरीच्या बायका आहेत, हळू चालत असतील. खाऊन जरा कलंडल्या असतील. तिनं स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता तिच्या मनात ते सगळं पुन्हा सुरू झालं, रोज व्हायचं तसं.

खाण बंद झाली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. कंपनी जाताना टेकड्यांवरच्या सात विहिरी झाकून गेली होती. विहिरी म्हणजे खाणीत माणसं आणि खनिज चढ-उतार करायची उभी भोकं, शंभर-शंभर मीटर खोल. जहाजातून आलेल्या जाड पाइनच्या फळ्या, चार बोटं जाडीच्या, दोन थर, वर तार आणि दगड. त्या हिवाळ्यात कुणाला काम नव्हतं. सालादितोत सासूच्या एका खोलीत ती आणि इलारियो पडदा लावून राहत होते. रोज कुणीतरी सांता रुफिनातून काहीतरी भरून आणत होतं, दारं, पत्रे, रूळ. त्या दोघांच्या वाट्याला उरलं नव्हतं काहीच. एका दुपारी तीच म्हणाली, विहिरींवरच्या फळ्या आहेत की.

इलारियो थबकला होता. "अगं, कुणी पडलं बिडलं तर?"

"इथं कोण मरायला येतंय आता?" ती म्हणाली होती.

हेच वाक्य. तिनं हे वाक्य एवढ्या वेळा आठवलं होतं, की स्वतःचा तेव्हाचा आवाजसुद्धा तिला ऐकू यायचा, हसरा, तरणा. मेव्हण्याच्या ट्रकनं पाच फेऱ्या झाल्या. त्या फळ्यांचं सालादितोतलं घर झालं. जमीन, छताच्या तुळया, माळा, सगळं. यास्ना त्या घरात जन्मली, त्याच फळ्यांवर रांगली.

बारा वर्षांनी एक धनगर सालादितोत बसून सहज सांगत होता. त्याची बकरी सांता रुफिनाच्या विहिरीत पडली होती. कुठंतरी मध्येच अडकली असावी. तीन दिवस ओरडत होती, चौथ्या दिवशी गप्प झाली. लोक चहा पीत ऐकत होते. ऑर्फेलिना कप ठेवून उठली आणि परसात जाऊन उभी राहिली.

त्या दिवसापासून तिच्या मनात भीती बसली ती उठली नाही. ती आणि इलारियो सुटीच्या दिवशी येऊन विहिरींवर काटक्या, ताडपत्र्या, पत्रे घालायचे. वारा ते उडवून न्यायचा. नगरपालिकेला सांगावं, तर पहिला प्रश्न आला असता, फळ्या कुठं गेल्या? इलारियो म्हणायचा, "सगळ्यांनीच नेलं." हो, पण बाकीच्यांनी दारं नेली होती. त्यांनी झाकणं नेली होती. इलारियो गेल्यावर ती काटाघरात राहायला आली. लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलं बाईचं. तिनं म्हणू दिलं. सहा विहिरींभोवती तिनं तार ओढली, दगड लाल रंगवून मांडले. सातवी चर्चच्या मागं उतारावर होती. तिथं खडक होता, खांब रोवता येईना, म्हणून जाड पत्रा टाकून त्यावर लाल दगड ठेवले होते. पाऊस पडल्यावर एकदा जाऊन बघायचं तिनं ठरवलं होतं. गुडघ्यामुळं राहून गेलं.

दोन वाजले आणि ती काठी घेऊन निघाली.

बेकरीच्या ओट्यावर एम्पानादांचा रिकामा कागद होता, वर दगड ठेवलेला. भट्टीच्या काळ्या तोंडाजवळ बुटांचे ठसे. चर्चच्या पायरीवर कुणी नव्हतं. "मिरेया! दोन्या नेल्दा!" तिनं हाका मारल्या. वाऱ्यानं त्या भलतीकडंच नेल्या. ती चर्चच्या मागं आली आणि थांबली.

तिला उतार ओळखू येईना. सगळा उतार जांभळा आणि पांढरा झाला होता. लाल दगड फुलांत बुडाले होते. कुठं पत्रा, कुठं खडक, काही कळेना. ती काठीनं पुढची जमीन ठोकत एक एक पाऊल टाकायला लागली. तेवढ्यात खालच्या बाजूनं कुणीतरी धडपडत वर आलं. मिरेया होती. केस सुटलेले, आवाज बसलेला.

"मी किती ओरडले! कुणी ऐकेना! नेल्दा... पिवळं एक फूल होतं, म्हणाली आईला हे आवडायचं... आणि नाहीशीच झाली हो ती! माझ्या डोळ्यांदेखत!"

पत्रा गंजून चाळण झाला होता. वर वाळू साठली होती, वाळूवर पाऊस पडला होता, आणि आजूबाजूला नव्हती इतकी दाट फुलं त्या पत्र्यावर आली होती. आता मधोमध एक काळं भोक होतं.

ऑर्फेलिना पोटावर झोपली आणि सरपटत कडेपर्यंत गेली. "दोन्या नेल्दा!"

बराच वेळ काही नाही. मग खालून, फार खोलून नव्हे, आवाज आला. "मिरेयाला सांगा, पाय आपटू नकोस. माती पडतेय माझ्यावर."

पाच-सहा मीटरवर एक जुनी आडवी तुळई होती, तिच्यावर कचरा आणि दगड अडकून गठ्ठा झाला होता. नेल्दा त्यावर पडली होती. पाय हलत नव्हता. तुळई मध्येच कुरकुरत होती, आणि प्रत्येक कुरकुरीनंतर खडे खाली जात. ते तळाला लागल्याचा आवाज मात्र येतच नव्हता.

"हलू नका. मी माणूस आणते."

"हलून जाणार कुठं?"

मिरेयाला तिनं कडेपासून दोन हात लांब, पोटावर झोपवलं. "बोलत राहा तिच्याशी. काहीही बोला. भांडा. पण झोपू देऊ नका तिला."

दोन किलोमीटर. त्या गुडघ्यानं ती किती वर्षांत पळाली नव्हती. वाटेत पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर फोनला रेंज यायची; तिथून तिनं रुग्णवाहिकेला सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, कोपियापो शहराहून यायला दोन तास लागतील. दोन तास ती तुळई धरेल का? ऑर्फेलिना उतारावरून घसरत, बसत, पुन्हा उठत बोगद्याशी पोचली आणि धापा टाकत तिनं चर्चच्या दिशेला बोट केलं. बेलार्मिनो भाजलेलं पीठ पाण्यात कालवून पीत बसला होता. त्यानं तिचा चेहरा बघितला आणि वाटी खाली ठेवली.

"कोणती विहीर?" एवढंच त्यानं विचारलं.

त्यानं दोर, पट्टे आणि तीन पायांचा रहाट पिकअपमध्ये टाकला. चर्चपर्यंत गाडी आली, पुढं सगळं हातानं. विहिरीच्या कडेला गुडघे टेकून त्यानं माती चाचपली आणि मान हलवली.

"रहाट असा ठेवला तर कड खचेल आणि आपण सगळे तिच्या डोक्यावर. तोंडावर आडव्या फळ्या लागतील, जाड." त्यानं कडेच्या दगडावर बोट फिरवलं. "ही बघा खाच. इथं होत्या फळ्या. कंपनी झाकून गेली होती सगळं. ज्यानं काढून नेल्या ना दोन्या ऑर्फे, त्याचं वाटोळं होवो, त्याच्या घरात—"

"मी नेल्या."

बेलार्मिनोनं खाचेवरचं बोट उचललं.

"मी आणि इलारियोनं. सातही विहिरींच्या. इलारियो नको म्हणत होता. मीच लावलं त्याला न्यायला." तिचा आवाज अजिबात कापला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. "सालादितोतलं माझं घर त्याच फळ्यांचं आहे."

मिरेया मान वर करून ऐकत होती. वाऱ्यानं फुलं जमिनीला टेकत होती आणि पुन्हा उठत होती. मग खालून नेल्दाचा आवाज आला.

"इथं सगळं ऐकू येतंय मला."

बेलार्मिनोनं तोंड पुसलं. "ते नंतर," तो म्हणाला. "काटाघराचं दार केवढं आहे?"

दार बिजागऱ्यांसकट उखडलं. ऑर्फेलिनाच्या पलंगाच्या पाट्या काढल्या. ते तोंडावर आडवं घालून रहाट उभा राहिला आणि बेलार्मिनो कमरेला दोर बांधून खाली उतरला. वर दोन म्हाताऱ्या, एकेका दांड्याला एकेक. त्यानं नेल्दाला पट्ट्यांत बांधलं, घोंगडी गुंडाळली, पायाला फावड्याचा दांडा बांधला, तेव्हा तिनं मारलेली किंकाळी ऑर्फेलिनाच्या कानात पुढं कित्येक महिने होती. "ओढा!" तो खालून ओरडला. त्या ओढायला लागल्या. मिरेया रडत होती आणि ओढत होती. ऑर्फेलिना मनातल्या मनात काही मागतही नव्हती. फक्त दांड्याकडं बघत होती, वर, खाली, वर, खाली. नेल्दाचं डोकं कडेवर आलं, खांदे आले. मिरेयानं तिला बगलेत धरून फुलांवर ओढून घेतलं. मग दोर पुन्हा खाली गेला. बेलार्मिनो अर्ध्यात असताना खाली काहीतरी मोडल्यासारखं झालं. गठ्ठा सुटला होता. दगडमाती बराच वेळ खाली जात राहिली. तो वर येऊन फुलांत पालथा पडला.

रुग्णवाहिका पावणेसहाला आली. ऊन टेकडीवर होतं अजून.

*

मांडीचं हाड, दोन बरगड्या आणि मनगट. नेल्दा वाचली. दोन दिवसांनी सार्जंट जबाब घ्यायला काटाघरात आला तेव्हा ऑर्फेलिनानं एकतीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली. तो लिहिता लिहिता थांबला.

"दोन्या, हे लिहायलाच हवं का? अपघात म्हणून संपेल हे."

"लिहा."

त्यानं दोन पानं लिहिली, तिनं सही केली. कागद कोपियापोला गेले. पुढं काही महिने रस्त्यावर कुठल्याही गाडीचा आवाज आला की तिला वाटायचं, आले. अखेर सरकारी वकिलाच्या कचेरीतून एक चिठ्ठी आली, प्रकरण फार जुनं असल्यानं काही करता येत नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याआधी ती रुग्णालयात गेली होती. हातात संत्री होती, ती कुठं ठेवावीत हे तिला कळेना. नेल्दा पाय टांगून पडली होती.

"चावी घेतलीत," नेल्दा म्हणाली. "चर्चच्या पलीकडं जाऊ नका म्हणालात. का जाऊ नका, ते मात्र एका शब्दानं बोलला नाहीत. विहीर आहे म्हणाला असतात तर मी गेले असते का? मी काय खुळी आहे?"

ऑर्फेलिनानं संत्री उशाशी ठेवली.

"मी पोलिसांना सगळं सांगणार आहे," नेल्दा म्हणाली.

"मी सांगितलंय."

नेल्दानं प्लास्टरमधल्या हातानं खुर्चीकडं खूण केली. "बसा तरी. गुडघा सुजलाय तुमचा. आणि माफबिफ केलं असं समजू नका. मला अजून काही समजत नाहीये. रात्री ती तुळई वाजते कानात."

"माझ्याही," ऑर्फेलिना म्हणाली आणि बसली. मिरेयानं संत्री सोलली.

खरी कठीण गोष्ट सालादितोत होती. ऑर्फेलिनानं यास्नाच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, विहिरी झाकायला मला या घराच्या जमिनीच्या फळ्या काढायच्या आहेत.

"काय काढायचंय?" यास्ना हातातला पाव तसाच धरून उभी राहिली. "माझी पोरं झोपतात इथं! तुझ्या मनाच्या शांतीसाठी माझं घर खणतेस? आणि मला आजवर एका शब्दानं नाही सांगितलंस! बाबांनीही नाही!"

"बाबांचा दोष नाही यात."

"नाही कसा? कुऱ्हाड त्यांच्या हातात होती ना?"

त्या दिवशी यास्नानं आईला जेवायलाही थांबवलं नाही. आठवड्यानं वस्तीच्या बैठकीत ऑर्फेलिना उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तेच बोलली. बेलार्मिनो मागं भिंतीला टेकून उभा होता. ज्यांच्या घरात सांता रुफिनाचं काही नव्हतं अशी चारच कुटुंबं असतील. एक म्हातारा तडकून म्हणाला, "तुझ्या पापात आम्हाला कशाला ओढतेस? मी दारं नेली, दारातून कुणी पडत नाही." एक बाई रडायला लागली. बरेच जण तिच्याशी बोलेनासे झाले. एम्पानादा विकणारी शेजारीण, जिच्याशी तीस वर्षांची ओळख, रस्त्यात तोंड फिरवून जायची.

पण पुढच्या शनिवारी बेलार्मिनोच्या पिकअपमध्ये कुणीतरी चार रूळ आणून टाकले. कोण ते सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी जाळी आली. आणि एका सकाळी यास्नाचा नवरा काटाघराच्या दारात गाडी लावून उभा राहिला. मागं फळ्या होत्या, एकाच खोलीच्या. "बाकीच्या घरात सिमेंटची जमीन घातल्यावर," तो म्हणाला. "यास्ना म्हणते, आधी सिमेंट, मग फळ्या. आणि ती अजून रागावलेलीच आहे, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय."

"सांगितलंस. चहा घेशील?"

"घेईन."

डिसेंबरपर्यंत सातही तोंडं बंद झाली, काही फळ्यांनी, काही रूळ आणि जाळीनं, वर सिमेंटची कड. नगरपालिकेनं एक बाई पाठवली, तरुण, हातात नकाशा घेतलेली. ती सगळं बघून म्हणाली, या जिल्ह्यात अशा बंद पडलेल्या खाणी किती आहेत आणि उघड्या विहिरी कुठं आहेत, हे धड कुणालाच माहीत नाही. कागदावर आहेत त्या जागेवर नसतात, जागेवर आहेत त्या कागदावर नसतात.

"म्हाताऱ्यांना माहीत असतं," ऑर्फेलिना म्हणाली. "पण ते सांगत नाहीत."

"तुम्ही विचाराल तर?"

ती त्या रात्री विचार करत पडून राहिली. विचारायला गेलं की आधी स्वतःचं सांगावं लागणार, प्रत्येक दारात, प्रत्येक वेळी. तिनं उठून दिवा लावला. सकाळी तिनं हो म्हणून कळवलं.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी बेलार्मिनो तिला पिकअपमध्ये घेऊन निघतो. कुठं कुठं दोन भिंती आणि एक चूल उरलेली वस्ती, कुठं नुसती कबरींची रांग, कुठं टेकडीच्या कुशीत एकटं पडलेलं रहाटाचं चाक. ती काठीनं जमीन ठोकत पुढं चालते, तो मागून खुंट्या आणि तार घेऊन येतो. मागच्या शुक्रवारी सान एलियास नावाच्या एका चांदीच्या खाणीवर एका दिवसात अकरा तोंडं सापडली. त्यातलं एक शाळेच्या भिंतीला लागून होतं. भिंतीवर अजून पाढे लिहिलेले दिसत होते.

ऑर्फेलिना त्या कडेशी बराच वेळ उभी राहिली. काठी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"बसा जरा," बेलार्मिनो म्हणाला. "एवढी भीती वाटते तर येता कशाला, दोन्या?"

"भीती वाटते म्हणूनच येते. न वाटणाऱ्याला तू आणलं असतंस तर त्याला ही दिसली असती का?"

"मला दिसली असती."

"तू तर तिच्यात पाय घालायला निघाला होतास. मीच दंड धरला तुझा."

बेलार्मिनोनं खाली बघितलं, मग एक खुंटी काढून तिच्या हातात दिली. "बरं, धरा. वाकडी धरलीत तर उपटून पुन्हा धरायला लावीन."

ती गुडघा सावरत खाली बसली आणि त्यानं हातोडा उचलला.